पांढऱ्या झग्यांना लावलेला गोट

आधीच सांगून ठेवते, माझ्या लिहिण्यात चुका असणार. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे मला अजून नीट कळलेलं नाही. शाळेत चार इयत्ता शिकले त्या कन्नडात. मराठी अक्षरं आईने घरी पोथीवर बोट ठेवून शिकवली, म्हणून ती पोथीतल्यासारखी मोठाली आणि एकमेकांपासून फटकून बसलेली येतात, आणि ओळ पुढे जाता जाता खाली उतरते.  कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलंच तर मजकूर बघावा, अक्षराला हसू नये.

गेल्या महिन्यात नातीच्या शाळेतून निरोप आला की दिल्लीचे मोठे नेते देशातल्या सगळ्या मुलांशी बोलणार आहेत, पडद्यावर दाखवणार आहेत, सर्वांनी पूर्ण गणवेशात हजर राहावं. आम्ही आता एचएसआर लेआउट या नव्या वस्तीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. जेवताना मुलगा आणि सूनबाई यांचं त्यावरून जुंपलं. सूनबाई पुण्याची, बोलायला खमकी. ती म्हणाली, "शाळेत भाषणं कशाला? आमची मुलं काय यांच्या सभेला गर्दी करायला आहेत?" मुलगा म्हणाला, "अगं, देशाबद्दल दोन शब्द ऐकले तर काय झिजणार आहे ती? तुला प्रत्येक गोष्टीत राजकारण दिसतं." "दिसतं, कारण असतं!" पालकांच्या मोबाइलच्या ग्रुपवरही दोन तट पडले होते म्हणे. मग दोघं एकदम माझ्याकडे वळले. "आई, तुम्हाला काय वाटतं?" मी वरणाची वाटी पुढे सरकवली आणि म्हटलं, मला काय कळतंय. नात मात्र मुकाट भात चिवडत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेल्यावर तिची अर्धी कोरी वही घेऊन बसले.

याच गावात, जुन्या चामराजपेटेत, माझ्या माहेरचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढची दुकान, मधली राहायची, मागची चुलीची. आम्ही जातीचे शिंपी. किती पिढ्यांमागे कोण या गावात आलं ते घरात कुणालाच सांगता येत नसे, पण वडिलांना अण्णा म्हणायचं आम्ही इथेच शिकलो आणि धाकटा भाऊ गोपी मला अक्का म्हणायचा. दुकानात दोन मशिनी होत्या. अण्णांची सलग पळायची. आईची थांबत थांबत चालायची, कारण तिला मधेच उठून चुलीवरचं बघावं लागे. मी मागच्या खोलीत असले तरी कुठला आवाज कुणाचा ते मला कळायचं. दोन्ही आवाज थांबले की समजायचं, पानं घ्यायची वेळ झाली. थंडीत अवरेकाईच्या शेंगांचे दिवस आले की बाजारातून टोपलीच यायची. भिजवलेले दाणे चिमटीत दाबून साल काढायचं काम माझं आणि गोपीचं. एखादा दाणा बोटांतून सुटून पुढच्या खोलीतल्या कापडावर जाऊन पडे, आणि अण्णा ओरडत, "अरे, कापड गिऱ्हाइकाचं आहे, दाणे आपले आहेत! स्वल्प जपून!" त्या दाण्यांची घट्ट हुळी, म्हणजे आमटीच, गरम भात आणि वर तुपाचा थेंब. आता ते दाणे सोललेले पिशवीत मिळतात. सून आणते. चव तीच असेल, पण मला लागत नाही.

शाळा दोन गल्ल्या सोडून होती. मी इतकी लाजरी होते की चार वर्षांत एकदाही हात वर केला नाही. उत्तर येत असायचं, मनात म्हणायचे, आणि दुसऱ्या कुणी तेच सांगितलं की मान खाली घालून हसायचे. कन्नडात माझं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. आता हे कुणाला खरं वाटणार नाही. बाई फळ्यावर रोजचा सुविचार मलाच लिहायला लावत, कारण तिथे बोलावं लागत नसे, पाठच दिसायची. एकदा त्या आमच्या दुकानात ब्लाऊज टाकायला आल्या तेव्हा अण्णांना म्हणाल्या, "हिला पुढे शिकवा. थांबवू नका." अण्णांनी टेप गळ्यात अडकवून मान डोलावली. त्या दिवशी मी दाराआड उभी होते. ते शब्द मी किती दिवस उशीखाली ठेवल्यासारखे जपले.

मी चौथीत असताना बातमी आली की दिल्लीचे मोठे पुढारी गावात येणार आणि मैदानावर शाळेतल्या मुलांशी बोलणार. त्यांच्यापुढे मुलींची कवायत ठेवली होती. आमच्या वॉर्डातला त्यांच्या पक्षाचा माणूस कृष्णप्पा, त्याने झग्यांचं काम अण्णांना आणून दिलं. चार शाळांच्या मुली, सगळ्यांना एकसारखे पांढरे झगे, साधी कॉलर, पुढे बटणं. थोडी रक्कम आगाऊ दिली आणि बाकीची शाळा पालकांकडून गोळा करून देतील असं ठरलं. एवढं मोठं काम अण्णांच्या हाताला कधी लागलं नव्हतं. चिकपेटेच्या कापडबाजारातल्या शेट्टरांकडून त्यांनी पॉपलिनचे तागे उधारीवर उचलले. कापड हातगाडीवरून आलं तेव्हा पुढच्या खोलीत उजेड पडल्यासारखा झाला.

आमच्या घरी एक रीत होती. नवं कापड बेतण्याआधी आई त्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावायची, आणि मुलीच्या अंगावर पांढरंफटक कधी घालायचं नाही. निदान एखादा रंगीत टाका तरी हवाच. पहिला झगा शिवून अण्णांनी खुंटीला लावला तेव्हा आई बघत राहिली. म्हणाली, "अहो, कुमारिका आहेत. एवढ्या पोरींना असं भुंडं पांढरं घालून उन्हात उभं करायचं? गोट तरी लावा."

"कृष्णप्पाने साधं सांगितलंय."

"त्याच्या घरी मुली आहेत का? त्याला काय कळतंय?"

अण्णा हसले. लग्नातल्या बँडवाल्यांचे कोट शिवून उरलेलं एक रंगीत कापड फळीवर पडलेलं होतं. त्याच्या तिरप्या पट्ट्या कापून त्यांनी कॉलरला आणि बाहीला बारीक गोट लावला. झगा एकदम हसरा दिसायला लागला. अण्णांनी एकाचेही जादा पैसे लावले नाहीत. रंग कुठला होता ते मी लिहीत नाही. रंगांवरून आजही लोक भांडतात.

आमच्या शेजारी रंगण्णांचं कॉफीपुडीचं दुकान होतं. दिवसभर बिया भाजल्याचा वास आणि दळायच्या यंत्राची घरघर. रंगण्णा अण्णांचे जुने स्नेही, रोज चार वाजता आमच्या पायरीवर येऊन बसत. त्यांचा या कार्यक्रमाला पहिल्यापासून विरोध होता. कृष्णप्पा समोर आला की दोघांची जुगलबंदी ठरलेली.

"निवडणूक दोन महिन्यांवर आली आणि तुमच्या साहेबांना मुलं आठवली?" रंगण्णा म्हणत.

"मुलांना मतं असतात का, रंगण्णा? उगाच काहीतरी."

"मुलांना नसतात. त्यांना मैदानावर आणून सोडणाऱ्या आईबापांना असतात."

"एवढा मोठा माणूस मुलांनी डोळ्यांनी बघू नये? जन्मभर सांगतील."

"बघू दे की! रविवारी बघू दे. शाळा बुडवून, उन्हात, रांगेत का?"

अण्णा मशीन चालवत मधेच म्हणायचे, "तुम्ही दोघं भांडा. माझे झगे झाले पाहिजेत, सरी?" सरी म्हणजे ठीक. आणि तिघं हसायचे. मला तेव्हा दोघांचंही पटायचं. आजही पटतं, हीच तर अडचण आहे. पण एक खरं सांगते, मला जायचंच नव्हतं. बुटकी म्हणून मला कवायतीत पहिल्या रांगेत उभं केलं होतं.  आईने देवापुढे दिवा लावला की मी मागे उभी राहून मनात म्हणायचे, देवा, हे होऊ नको दे.

झगे निम्म्याच्या वर झाल्यावर मुख्याध्यापिकांनी मला एक घालून यायला सांगितलं, बाकीच्या शाळांना नमुना दिसावा म्हणून. मला अंगणात एका बाकावर उभं केलं. त्याच सकाळी रंगण्णांच्या ओळखीचा एक पेपरातला बातमीदार शाळेत आला होता. मुलांना वर्गातून काढून कवायतीला लावतात का, ते बघायला. त्याने माझा फोटो काढला. मी खाली बघत होते, त्यामुळे तोंड फारसं दिसलंच नाही. दिसली ती कॉलर.

फोटो छापून आला तेव्हा त्यात रंग नव्हता, काळं-पांढरंच होतं. पण खाली लिहिलं होतं की एका पक्षाच्या झेंड्याचा रंग शाळकरी मुलींच्या गळ्यात बांधला आहे. बँडवाल्यांच्या त्या कापडाचा आणि कृष्णप्पाच्या पक्षाच्या झेंड्याचा रंग एकच होता. आमच्या घरात कुणाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. झेंडा आम्ही पाहिला नव्हता असं नाही. पण शिंप्याच्या फळीवरचं कापड म्हणजे कापडच. त्यात झेंडा बघायची आम्हाला सवय नव्हती. माझं नाव छापलं नव्हतं, "एक विद्यार्थिनी" एवढंच होतं. तरी दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. शाळेतल्या मुली मागून ओरडायला लागल्या, "ए पेपर हुडगी!" हुडगी म्हणजे मुलगी. एक मोठी मुलगी दोन्ही हातांनी कॉलर धरून माझ्यासारखी मान खाली घालून उभी राहायची, आणि बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. मी झगा मागच्या खोलीत काढून टाकला आणि चुलीपाशी बसून राहिले.

मग सगळं फार भराभर झालं. शाळांच्या दारात घोषणा झाल्या. काही पालक म्हणाले आम्ही मुलींना पाठवणार नाही, काही म्हणाले पाठवणारच, बघू कोण अडवतो. विरोधी पक्षाच्या लोकांनी तक्रार केली, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वरून हुकूम आला की मुलांचा कार्यक्रम रद्द. पुढारी आले, मोठ्या माणसांपुढे दुसरीकडे बोलले आणि गेले. माझ्या देवाने ऐकलं होतं. त्या संध्याकाळी मी एकटीच आनंदात होते. आईने हुळी केली होती ती मी दोनदा वाढून घेतली. अण्णा जेवलेच नाहीत. त्यांची मशीनही थांबलेली होती, पण ती जेवणासाठी थांबली नव्हती, हे कळायला मला वेळ लागला.

पुढच्या खोलीत छतापर्यंत झग्यांच्या थप्प्या होत्या. शाळांनी हात वर केले, पालक म्हणाले कार्यक्रम नाही तर पैसे कसले. कृष्णप्पा आला, पायरीवरच उभा राहिला. अण्णा म्हणाले, "कृष्णप्पा, शेट्टरांना मी काय सांगू?"  तो हळूच म्हणाला, "अण्णा, मी साधी कॉलर सांगितली होती. गोट मी सांगितला होता का?"  आई आतल्या दाराची चौकट धरून उभी होती. ती तशीच खाली बसली. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, पण कापडाला हळदीचं बोट लावताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

रंगण्णा दोन दिवस आलेच नाहीत. आले ते कॉफीपुडीचा पुडा घेऊन. "मी मुलांसाठी बोलत होतो. तुमच्या पोटावर मारायला नव्हतो गेलो, अण्णा. देवाशपथ." अण्णा म्हणाले, "बोललात ते बरोबरच होतं. बसा." ते बसले, पण पहिल्यासारखे पसरून नाही. पुडा कितीतरी दिवस फळीवर तसाच होता.

शेट्टरांनी कापड परत घेतलं नाही. चिकपेटेचा नियमच होता, कात्री लागली की कापड तुमचं. ते वाईट माणूस नव्हते, मुदत वाढवून द्यायला तयार होते, पण रक्कम रक्कमच होती. एकच मार्ग होता. गोट काढायचा आणि झगे साधे म्हणून बाजारात मिळेल त्या भावाला विकायचे. गोट लावायला जेवढा वेळ लागतो त्याहून उसवायला जास्त लागतो. आईची नजर तोवर अधू व्हायला लागली होती. चौथीची परीक्षा झाल्यावर अण्णा मला म्हणाले, "इंदू, पाचवीची शाळा लांब आहे, बस लागते. तू स्वल्प दिवस घरी थांब, आईला मदत कर. शेट्टरांचे फिटले की घालतो तुला." मी मान हलवली. गोपीची शाळा चालू राहिली. मुलगा होता. त्या वेळी मला त्यात काही वेगळं वाटलं नाही, आता वाटतं.

मग मी उसवत बसले. बारीक कात्रीच्या टोकाने एकेक टाका उचलायचा, दोरा ओढायचा, पट्टी सुटली की कॉलर इस्त्रीखाली धरायची. पण पांढऱ्या कापडावर सुईची भोकं राहतातच. मुंग्यांची रांग गेल्यासारखी बारीक भोकं, सबंध कॉलरभर. गिऱ्हाईक झगा उजेडाला धरून बघे आणि म्हणे, हे जुनं आहे. अण्णा सांगत, जुनं नाही, कोरं आहे, उसवलेलं आहे. "कोरं असून उसवलेलं? ते कसं?" म्हणून लोक हसत आणि भाव पाडत. सगळे झगे गेले तरी रक्कम भरली नाही. आईची मशीन विकली. मग मी काजं करायला लागले, आधी आमच्या दुकानाची, मग दुसऱ्यांच्या दुकानांची, शर्टामागे काही पैसे. घरात आता एकाच मशीनचा आवाज होता. तो थांबला तरी जेवायची वेळ झाली असं समजता येत नसे.

दर जूनमध्ये मी वाट बघायची. सकाळी काज करता करता रस्त्याने नव्या दप्तरांच्या मुली जाताना दिसत. कधी बाई दिसत, दुकानाकडे बघत, आणि मी कापड तोंडाजवळ धरून सुईत दोरा ओवायचं सोंग करी. त्या एकदा आत आल्या. अण्णांना म्हणाल्या, "काय झालं हो?" अण्णा म्हणाले, "बाई, यंदा नाही." पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत, बदली झाली होती. मी अण्णांना कधीच म्हटलं नाही की मला शाळेत जायचंय. एकदाही नाही. ते रोज वाकून मशीन मारत आणि रात्री आई त्यांच्या पाठीला तेल लावी, हे बघून बोलवतच नसे. आणि मला वाटायचं, त्यांच्या लक्षात आहे. फिटले की घालतो, असं ते म्हणालेत. आता वाटतं, एकदा तरी बोलायला हवं होतं. कदाचित काहीच झालं नसतं. पण ते शब्द निदान माझ्या तोंडून या घरात उमटले असते.

शेवटची रक्कम द्यायला अण्णा मला बरोबर घेऊन गेले. दसरा नुकताच झाला होता, पेटेतल्या दुकानांच्या दारांवर झेंडूच्या माळा सुकत आल्या होत्या. माझ्या अंगावर पहिल्यांदाच साडी होती, आईचीच, आणि चालताना निऱ्या सारख्या पायात येत होत्या.  रस्ताभर मी मनात वाक्य जुळवत होते. दुकानातून बाहेर पडलो की म्हणायचं, अण्णा, आता पाचवी. एवढंच म्हणायचं होतं.

शेट्टर गादीवर बसले होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "केवढी मोठी झाली! त्या वेळी एवढीशी होती. काय शिकते?"

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या. गाठ सोडता सोडता, वर न बघता, ते म्हणाले, "चौथी झाली हिची." एखादं काम पुरं होऊन गिऱ्हाइकाला दिलेलं असावं, तसं म्हणाले. आणि गाठ सुटल्यावर, "आता स्थळं बघतोय."

शेट्टरांनी "बहळ संतोष", फार आनंद झाला, म्हणून मान डोलावली, नोटा मोजल्या आणि कपाळाला लावल्या. "सरी अण्णा," ते म्हणाले, "सगळे फिटले."